रिकाम्या गळाचा दोष थंडीवर कशाला?

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतली बास गरवणाऱ्यांची एक मोठी फळी रॉड गराजमध्ये टांगते आणि होडीवर ताडपत्री ओढते. त्यात वावगं काही नाही. बोचरा वारा अंगावर घेण्याची हौस प्रत्येकाला असावी असा आग्रह कुणी धरू नये. वावगं आहे ते त्यासाठी दिलं जाणारं कारण. ‘थंड पाण्यात बास झोपतो. तोंडच उघडत नाही. मग जाऊन करायचं काय?’ हे वाक्य इतकी वर्षं इतक्या ठामपणे बोललं गेलंय की नवशिक्याला ते थेट नियम म्हणून शिकवतात.

ॲटलांटाच्या आसपासच्या आपल्या मराठी मंडळींतही ते चांगलं रुजलंय. माझे एक ज्येष्ठ स्नेही त्याचे खंदे पुरस्कर्ते आहेत. मालवणच्या खाडीकाठी गरवण्यात त्यांचं लहानपण गेलं, आणि इथल्या गोड्या पाण्यात गळ टाकायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी न होऊ देता मला त्यांचं म्हणणं खोडून काढायचं आहे, कारण ते एकट्याचं नाही. त्यांचे मुद्दे चार. थंडीत बासची भूक मरते. मोठे, विक्रमी मासे उन्हाळ्यातच मिळालेत. हल्ली जे कुणी थंडीत मासे काढतात ते यंत्राच्या पडद्यावर मासा बघून काढतात, त्यात कसब कसलं? आणि शेवटचा, सगळ्यांत जड मुद्दा: गारठून मंदावलेल्या जिवाला ओढून काढणं माणुसकीला धरून नाही.

पहिल्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे तीन त्याच्याच खांद्यावर उभे आहेत.

बास म्हणजे इथल्या नद्या-तलावांतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा; आपल्या खाडीतल्या जिताड्याचा तो सगासोयरा नव्हे. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड हे त्याचे तीन प्रकार गरवणाऱ्यांच्या तोंडी असतात. तो शीतरक्ताचा आहे. भोवतालचं पाणी जितकं गार तितकं त्याचं शरीर गार. ढोबळमानानं पाणी १० अंश सेल्सिअसनं उतरलं की शरीरातल्या क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. जुलैत गिळलेला शॅड मासा जितक्या लवकर पचतो तितक्या लवकर जानेवारीत पचत नाही. म्हणजे तो कमी वेळा खातो, हे खरं. पण कमी खाणं आणि न खाणं यांत फरक आहे, आणि स्नेह्यांचं सगळं प्रकरण हा फरक पुसून टाकण्यावर चाललंय. बासचा हिवाळा हा उपास आहे हे कबूल. पण तो निर्जळी नव्हे, मधूनमधून फराळ होतच असतो.

शरीरातला दुसरा हिशोब ते विसरतात तो मादीचा. बास अंडी घालतो वसंतात, पाणी १५ अंशांच्या पुढे सरकलं की. पण अंडाशय काही त्याच आठवड्यात भरत नाही. शरद ऋतूपासून ते भरू लागतं आणि सबंध हिवाळाभर भरत राहतं. त्यासाठी लागणारी चरबी आणि प्रथिनं कुठून येतात? काही साठ्यातून, काही त्या त्या दिवशी मिळालेल्या भक्ष्यातून. मार्चमध्ये जी जाडजूड मादी पाहून लोक हरखतात, तिची घडण जानेवारीत चालू असते.

झोपेचं म्हणाल तर त्याचीही तपासणी झालेली आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात वॉर्नर नावाच्या छोट्या तलावात संशोधकांनी लार्जमाउथच्या शरीरात ध्वनिप्रेषक बसवले आणि तलावभर ग्राहकयंत्रांचं जाळं लावून वर्षभर त्यांचा माग काढला. हा तलाव हिवाळ्यात गोठतो. बर्फाखाली मासे मंदावले, पण थांबले नाहीत; त्यांची ये-जा चालूच राहिली. ओंटारियोच्या बर्फाखाली जो हलत राहतो, तो जॉर्जियाच्या ८ अंश पाण्यात समाधी लावून बसेल हे पटण्यासारखं आहे का?

इथे स्नेह्यांना एक दान मी आनंदानं देतो. उत्तरेकडचा स्मॉलमाउथ हा खरोखर वेगळा प्राणी आहे. पाणी ४-५ अंशांखाली गेलं की तो खडकांच्या आडोशाला जातो आणि जवळजवळ काही खात नाही. पहिल्या वर्षाच्या पिल्लांपैकी जी पुरेशी वाढलेली नसतात ती उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात साठा संपून मरतात. मिनेसोटा राज्यात सप्टेंबरच्या मध्यानंतर पकडलेला स्मॉलमाउथ घरी नेता येत नाही, सोडून द्यावा लागतो, कारण थंडी पडू लागली की हे मासे मोजक्या डोहांत गोळा होतात आणि एखादा हावरा माणूस सबंध डोह उपसू शकतो. या नियमामागचं गृहीत लक्षात घ्या: गोळा झालेले मासे गळाला लागतात! थंडी पडताच त्यांनी तोंड मिटलं असतं तर असा नियम करण्याची गरजच नव्हती.

स्नेही ‘हिवाळा’ असा एकच शब्द वापरतात, आणि घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. अमेरिकेत बासचे निदान दोन हिवाळे आहेत. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, हे आपण शाळेत शिकलो. गोठणाऱ्या तलावात म्हणून बर्फालगत शून्य अंश आणि तळाशी ४ अंशांच्या आसपास अशी उलटी उतरंड लागते. तिथे खोल जाण्यात माशाचा फायदा आहे. पण जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, टेक्सासमधले मोठे जलाशय सहसा गोठत नाहीत. शरदात वरचं पाणी गार होऊन खाली बसत जातं, वारा ते घुसळतो, आणि जानेवारीपर्यंत वरपासून खालपर्यंत जवळपास एकच तापमान होतं. तिथे ‘खाली ऊब असते म्हणून मासा खाली गेला’ हे स्पष्टीकरण लंगडं पडतं. खाली ऊब नसतेच. उलट उन्हाच्या दुपारी उत्तर काठावरचे, दक्षिणेकडे तोंड केलेले खडक तापतात आणि त्यांच्या लगतचं उथळ पाणी अंशा-दोन अंशांनी वर चढतं. ऊब शोधणाऱ्या माशानं तिथे यायला हवं. आणि तो येतोही.

मग दक्षिणेतला बास बऱ्याचदा ८-१० मीटर खोलीवर सापडतो तो का? कारण त्याचं जेवण तिथे असतं. इथल्या जलाशयांत बासचं मुख्य अन्न म्हणजे शॅड. त्यातला थ्रेडफिन शॅड नाजूक आहे. पाणी ७ अंशांच्या आसपास उतरलं की तो गारठतो आणि मरू लागतो. थंडीची लाट आली की खाडीसारख्या आत घुसलेल्या ओढ्यांच्या तोंडाशी चंदेरी मासे कुशीवर पडून थरथरताना दिसतात. दोन झटके, मग स्थिर. पुन्हा एक झटका, मग आणखी लांब स्थिरता. बाससाठी याहून सोयीचं भक्ष्य वर्षभरात नसतं. पाठलाग नाही, ऊर्जेचा खर्च नाही. पचन मंदावलेल्या शिकाऱ्याला निसर्गानं याच मोसमात आयतं ताट वाढलेलं असतं, आणि आमचे स्नेही म्हणतात की तो ताटाकडे पाठ फिरवून झोपतो.

हिवाळी गरवण्याची बरीचशी कला या मरणाऱ्या शॅडची नक्कल करण्यातून उगवली. ओझार्क डोंगरांतल्या टेबल रॉक आणि बुल शोल्स या तलावांवरचे लोक स्मिथविक कंपनीच्या रॉग या लांबट कृत्रिम आमिषाला (जर्कबेटला) शिसं लावून त्याचं वजन असं जुळवत की ओढणं थांबवल्यावर ते वरही येऊ नये आणि बुडूही नये. मग दोन झटके द्यायचे आणि दहा, वीस, कधी तीस सेकंद हात आवरून बसायचं. मासा घेतो तो याच थांब्यात. टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावावर आणि पूर्व टेनेसीतल्या डोंगरी जलाशयांवर याहून विचित्र रीत रुळली: पिसांची किंवा केसांची इवलीशी, जेमतेम दोन ग्रॅमची जिग (वजनदार डोक्याचा गळ), तिच्यावर अडीच-तीन मीटर अंतरावर तरंगता फुगा, आणि ते सगळं फेकता यावं म्हणून लांबलचक लवचीक रॉड. वारा लाटा उठवतो, फुगा डुलतो, खाली जिग नुसती थरथरते. ही पद्धत मुळात थंडीसाठीच जन्माला आली. ज्या माशाला भूक नाही त्याच्यासाठी इतका खटाटोप कुणी पिढ्यान्‌पिढ्या करत नाही.

तरीही स्नेही रिकाम्या हातानं परतले, हे सत्य आहे, आणि त्यांच्यासारखे हजारो परततात. त्याचं उत्तर भुकेत सापडणार नाही, ते नकाशात आहे. उन्हाळ्यात बास तलावभर पांगलेला असतो: कुणी धक्क्याखाली, कुणी बुडालेल्या झाडात, कुणी गवतात. काठानं गळ टाकत गेलात तर कुणी ना कुणी भेटतोच. थंडीत तो गोळा होतो. बुडालेल्या जुन्या नदीपात्राचं वळण, खडकाळ सुळक्याचं टोक, पुलाखालचा भराव, अशा मोजक्या जागी थवे जमतात आणि बाकी पाणी ओस पडतं. उन्हाळी सवयीनं काठ चाचपडत जाणारा माणूस सबंध दिवस ओस पाण्यातच घालवतो आणि संध्याकाळी निष्कर्ष काढतो की मासा खात नाही. वास्तविक त्यानं दिवसभरात एकाही माशापुढे गळ धरलाच नसण्याची शक्यता दांडगी आहे. रिकामा गळ माशाच्या भुकेची साक्ष देत नाही. गरवणारा कुठे बसला होता तेवढंच तो सांगतो. माझा सगळा प्रतिवाद खरं तर या एका वाक्यात मावतो.

या गैरसमजाला हिवाळी गरवण्याच्या मित्रांनीही खतपाणी घातलंय, हेही बोललं पाहिजे. ‘थंडीत खोल जा आणि सावकाश ओढा’ हा त्यांचा मंत्र. अर्धा खरा असल्यामुळे तो पूर्ण खोट्यापेक्षा जास्त फसवतो. खोलीचं वर आलंच. आता ‘सावकाश’चं बघा. पूर्व टेक्सासच्या सॅम रेबर्न तलावावर फेब्रुवारीत लोक काय करतात? हायड्रिला गवताच्या उथळ माळावरून लाल रंगाचं रॅट-एल-ट्रॅप हे आमिष वेगानं ओढतात, ते गवतात अडकलं की हिसका देऊन सोडवतात, आणि त्या हिसक्यासरशी बास तुटून पडतो. पाणी असतं १० अंशांच्या आसपास. ब्लेडबेट म्हणजे धातूची एक पाती. तळाशी पडू द्यायची, झटक्यानं उचलायची, की ती हातभर कंप पावत उठते. उभ्या दोरीवर नाचवायचं चमच्यासारखं आमिषही तसंच. यात सावकाश काही नाही. थंड मासा लांब पाठलाग करत नाही, हे खरं. पण नाकासमोरून अचानक निसटणारी वस्तू तो प्रतिक्षेपानं धरतो. म्हणजे अंतर कमी हवं, वेग कमी हवाच असं नाही. जर्कबेटचा तीस सेकंदांचा थांबा आणि ब्लेडबेटचा हिसका ही दोन्ही टोकं थंडीतच चालतात. त्यांतलं कुठलं कधी वापरायचं हे पाण्याचा गढूळपणा, भक्ष्य आणि त्या दिवसाचा प्रकाश ठरवतात. मंत्र पाठ करणाऱ्याला हा विचार करावा लागत नाही. म्हणूनच तो दोन तास सावकाश ओढतो, कंटाळतो आणि स्नेह्यांच्या पक्षात जाऊन बसतो.

दुसरा मुद्दा विक्रमांचा. इथे स्नेह्यांच्या हातातले पत्ते चांगले आहेत, ते मी लपवणार नाही. जॉर्ज पेरीनं जॉर्जियातल्या माँटगोमेरी तलावात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा, लार्जमाउथ धरला तो २ जून १९३२ रोजी. त्या विक्रमाची बरोबरी करणारा मासा मानाबू कुरिता यांना जपानच्या बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी मिळाला. स्मॉलमाउथचा ११ पौंड १५ औंसांचा जागतिक विक्रम डेव्हिड हेज यांच्या नावावर आहे; तोही ९ जुलै १९५५ चा, आणि तोही मी वर जिथल्या थंडीच्या कलेचे गोडवे गायले त्याच डेल हॉलोतला! तिन्ही उन्हाळ्यातले. स्नेही हे सांगतात तेव्हा त्यांच्या मिशा फुलतात.

पण तीन माशांवरून मोसमाचा निवाडा करायचा तर आधी विचारायला हवं की जून-जुलैत पाण्यावर किती लोक असतात आणि जानेवारीत किती. जिथे शंभर गळ पडतात तिथे विक्रमी मासा सापडण्याची शक्यता दोन गळांपेक्षा जास्तच असणार. म्हणून एका राज्याचा मासा बघू. टेक्सासचा लार्जमाउथचा राज्यविक्रम आहे १८.१८ पौंडांचा, सव्वाआठ किलोंचा. बॅरी सेंट क्लेअर यांनी लेक फोर्कवर तो धरला २४ जानेवारी १९९२ रोजी. ते बाससाठी गेलेही नव्हते. क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी खोल पाण्यात लहान जिवंत मासोळी सोडून बसले होते. राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा बास भर जानेवारीत, दुसऱ्याच कुणासाठी मांडलेलं ताट खायला आला. त्याआधीचा राज्यविक्रमही त्याच तलावातला: मार्क स्टीव्हन्सन यांचा १७.६७ पौंडांचा मासा, २६ नोव्हेंबर १९८६. ‘एथेल’ नावानं ती मादी पुढे देशभर गाजली आणि टेक्सासच्या शेअरलंकर योजनेतली पहिली नोंद ठरली. ही योजना आजही प्रजननासाठी १३ पौंडांवरच्या माद्या लोकांकडून घेते ती जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत. सरकारी मत्स्यशास्त्रज्ञ झोपलेल्या माशांसाठी दवंडी पिटत नसावेत.

विक्रमांपेक्षा स्पर्धा अधिक बोलक्या, कारण तिथे दिवस निवडायची मुभा नसते. बासमास्टर क्लासिक ही या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा. २००६ पासून ती बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. २०१३ साली ओक्लाहोमातल्या ग्रँड लेकवर फेब्रुवारीच्या कडाक्यात क्लिफ पेसनं तीन दिवसांत ५४ पौंड १२ औंस, म्हणजे जवळपास २५ किलो मासे तोलले. दिवसाला पाच माशांची मर्यादा धरून. २०१५ साली जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या हार्टवेल तलावावर थंडी इतकी होती की पहिल्या दिवशी होड्या सोडायला उशीर करावा लागला. तिथे केसी ॲश्लीनं वडिलांनी हातानं बनवलेल्या, पोटाखाली छोटं फिरतं पातं असलेल्या जिगवर ५० पौंड १ औंस मासे काढून किताब जिंकला. हार्टवेल आमच्या घरापासून गाडीनं दुपारचं जेवण आटोपून जाता येईल एवढं जवळ आहे. स्नेह्यांनी त्या आठवड्यात होडीवरची ताडपत्री काढली नव्हती.

या दोन वर्षांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तिसरा मुद्दा त्यावरच कोसळतो. ‘हे सगळं पडद्याचं काम,’ असं ते म्हणतात. गार्मिन कंपनीनं लाइव्हस्कोप बाजारात आणलं २०१८ साली. होडीच्या पुढ्यातला मासा, त्याच्यासमोर पडणारं आमिष, त्यानं मान वळवली की नाही, सगळं चालत्या चित्रासारखं दाखवणारं हे यंत्र. २०१३ चा पेस आणि २०१५ चा ॲश्ली यांच्याकडे ते नव्हतं. सेंट क्लेअर यांच्या वेळी तर त्याची कल्पनाही नव्हती. फुगा आणि पिसाची जिग वापरणाऱ्यांनी बास थंडीत खातो हे पडद्याशिवाय सिद्ध करून ठेवलं होतं.

या मुद्द्यामागची तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती मी स्नेह्यांपेक्षा मोठ्यानं करीन. मासे गोळा होण्याचा मोसम आणि गोळा झालेले मासे दाखवणारं यंत्र यांची गाठ पडली की तलावाच्या पोटात एकही गुपित उरत नाही. उघड्या पाण्यात शॅडमागे तरंगणारे बास, जे एरवी कुणाला सापडले नसते, ते आता एकेक करून हेरले जातात. मेजर लीग फिशिंग या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनं २०२५ च्या बास प्रो टूरमध्ये दिवसाच्या तीन सत्रांपैकी फक्त एकात हे यंत्र वापरू दिलं, ते मला पटलं. लगाम घालायचा तर यंत्राला घाला. यंत्राच्या पापासाठी मोसमाला शिक्षा देणं हा न्याय कुठला? शिवाय पडदा मासा दाखवतो. तो का घेत नाही ते सांगत नाही. पडद्यावर दिसणारा मासा आमिषापाशी येतो, नाक लावतो आणि परत फिरतो, हे दृश्य पाहून वैतागलेल्यांना विचारा.

आता चौथा मुद्दा, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. मंदावलेल्या जिवाला छळणं. माशाला वेदना होतात की नाही या वादात इथे शिरत नाही. ज्यांना गळच अमान्य आहे त्यांचा आक्षेप बाराही महिन्यांना लागू आहे आणि तो सुसंगत आहे. स्नेह्यांचा तसा नाही. त्यांना ऑगस्टमध्ये गरवायला चालतं, जानेवारीत दया येते. मग तुलना त्याच दोन महिन्यांची करायला हवी. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ५ अंशांच्या पाण्यात जवळपास १३. ऑगस्टमध्ये दमछाक झालेला मासा ज्या पाण्यात परत सोडला जातो त्यात श्वासालाच कमी असतं. रोगजंतूही तेव्हा जोरात असतात. स्पर्धांनंतर सोडलेल्या माशांच्या मरण्याचं प्रमाण पाणी तापेल तसं वाढतं, हे मत्स्यखात्यांना वर्षानुवर्षं दिसत आलंय. पकडून सोडण्याची चळवळ रे स्कॉट यांनी १९७२ साली बासच्या स्पर्धांत आणली. तिचा हेतू ज्या मोसमात सर्वांत चांगला साधतो, तो हाच थंडीचा मोसम. दयाच करायची तर ती ऑगस्टमध्ये करा.

थंडीचे म्हणून काही खास अपाय आहेत, आणि ते टाळणं गरवणाऱ्याचं कर्तव्य आहे. बासचा वाताशय बंद असतो. खोलातून भरभर वर आणला तर आतली हवा फुगते, मासा पालथा तरंगतो आणि पुन्हा खाली जाऊ शकत नाही. म्हणून ९-१० मीटरपेक्षा खोल मासे दिसले तरी ते सोडून द्यावेत, असं माझं मत आहे. सुईनं हवा काढायचे प्रयोग नवख्यानं करू नयेत. हवा शून्याखाली असेल तर पाण्याबाहेर धरलेल्या माशाचे कल्ले आणि डोळे गोठू शकतात. फोटोची हौस तेव्हा आवरावी आणि गळ पाण्यातच काढावा. थंडीत त्याला सावरायलाही वेळ लागू शकतो, म्हणून झुंज लांबवू नये. पण हे सगळे गरवणाऱ्याच्या वागण्याचे नियम झाले. पाणी गार आहे एवढ्यावरून गळ गुंडाळून ठेवावा, असं त्यांतल्या एकातूनही निघत नाही.

स्नेह्यांनी जो मुद्दा मांडलाच नाही, तोच खरं तर त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा ठरला असता. थंडीचं पाणी माशाला नव्हे, माणसाला मारतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेश्ट यांनी १-१०-१ अशी सोपी त्रिसूत्री सांगितली आहे: गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप आणि घाबरगुंडी आवरायचं, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपते. जीवरक्षक जाकीट अंगात नसेल तर बहुतेकांना तो तास मिळतच नाही. पहिल्या मिनिटातच नाकातोंडात पाणी जातं. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत बहुतेक छोट्या होड्यांना बंधनकारक आहे. ती उन्हाळ्यातही लावावी, पण थंडीत न लावणं हा शुद्ध वेडेपणा. एकट्यानं जाऊ नये, किनाऱ्यावर कुणाला परतीची वेळ सांगून जावं, कोरड्या कपड्यांचा जोड बंद पिशवीत ठेवावा. एखाद्यानं ‘माझं वय झालं, मी तो धोका घेणार नाही,’ असं म्हणून होडी झाकली तर मी त्याला हात जोडीन. ते प्रामाणिक कारण आहे.

स्नेही मात्र ते कारण देत नाहीत. ते माशावर ढकलतात. स्वतःला गारठा नको असतो आणि दोष बासच्या झोपेला जातो! या सोयीस्कर अदलाबदलीवरच माझा खरा आक्षेप आहे, कारण तिनं ज्ञानाची वाट बंद होते. मासा खातच नाही असं एकदा ठरलं की त्याला कुठे शोधायचं हे शिकण्याची गरज उरत नाही. तळाचा नकाशा पाहायला नको, शॅड कुठे आहे हे तपासायला नको, उत्तर काठाचे खडक दुपारी हात लावून बघायला नकोत. आणि थंडीत न शिकलेली ही जागांची ओळख उन्हाळ्यातही अंगवळणी पडत नाही. काठ चाचपडण्याची सवय तेवढी पक्की होते.

म्हणून स्नेह्यांना आणि त्यांच्या सबंध पक्षाला माझी एवढीच मागणी आहे. यापुढे ‘थंडीत बास लागत नाही’ असं म्हणायचं असेल तर सोबत चार गोष्टी सांगा: कुठलं पाणी, तापमान किती, भक्ष्य कुठे होतं, आणि तुमचा गळ त्या भक्ष्याजवळ होता का. उत्तरेकडचा गोठलेला तलाव आणि स्मॉलमाउथ असेल तर मी निमूट मान्य करीन. जॉर्जियातला लेनियर तलाव, हार्टवेल, डेल हॉलो किंवा लेक फोर्क असेल आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर तक्रार माशाविरुद्ध टिकत नाही. ती मागे घ्यावी, आणि जाकीट चढवून एखाद्या निवांत, वारा पडलेल्या दुपारी बाहेर पडावं. पहाटे चारचा गजर लावायची गरज नाही. थंडीत ऊन तापेपर्यंत घरी थांबलं तरी चालतं. उन्हाळ्याच्या कैवाऱ्यांना ही एक गोष्ट तरी आवडायला हरकत नसावी.